गणू, गणपत, गणपतराव

इथे साडेआठ म्हणजे तिथे दहा.
तलाठी कार्यालय उघडायची वेळ.
उघडतंच असं नाही, पण वेळ असते.
मी रुवीकडे निघालेल्या शेअर टॅक्सीत, दोघींच्या मध्ये,
मांडीवर डबा, कानाला भाऊ, माणगावहून:
"चष्मा टेबलावर आहे गं, साहेब नाहीत."
चष्मा असला की माणूस हजर धरायचा,
अशी तिथली रीत.

काम तसं एवढंसंच.
सातबाऱ्यावर वडील गणू आहेत,
आधारवर गणपत,
मृत्यूच्या दाखल्यावर गणपतराव.
गेल्यावर सरकारने तेवढा मान दिला.
आता मी आणि भावाने शपथेवर लिहून द्यायचंय
की हे तिघंही एकच होते
आणि तिघंही वारले.
माझी सही वकिलातीतून साक्षांकित करून हवी.
वकिलातीची वेळ माझ्या ड्यूटीचीच वेळ.

दोन्ही सरकारं एकदम जागी असतात
ती सोमवार ते गुरुवार.
शुक्रवारी हे झोपतं, रविवारी ते,
शनिवारी दोघंही.
आणि जागं असणं म्हणजे तरी काय,
सर्व्हर बंद आहे हे सांगायला
कुणीतरी खुर्चीत असतं.

इथलं कसं, सगळं गुळगुळीत.
थंडगार हॉल, टोकन, आधी पाणी विचारतात.
धाकट्याचं रेसिडेंट कार्ड तरी सहा आठवडे
'प्रक्रियेत'.
टायपिंग सेंटरचा बशीर म्हणतो,
मॅडम, प्रक्रियेत म्हणजे नाही म्हटलेलं नाही.
हे वाक्य मी लिहून फ्रिजवर लावणार होते.
मग मॅग्नेट सापडेना.
मग दूध उतू गेलं.

(मसूर भिजत घातली का मी? घातली असावी.
बिल्डिंगचा पाण्याचा टँकर आज की उद्या?)

अकरा वाजता क्लिनिकमध्ये एक जण आला,
गाल सुजलेला, तोंडाला रुमाल,
बुटांवर ओलं सिमेंट.
विम्याच्या कार्डावर मोतालिब,
रेसिडेंट कार्डावर मुत्तालेब.
स्क्रीन लाल झाली.
मी म्हटलं, आणि किती सहज म्हटलं,
कंपनीचं पत्र आणा. उद्या या.
तो म्हणाला, "दोनों मैं ही हूँ, मॅडम."
आणि आ करून मला दाढ दाखवली,
जणू तिच्यावर नाव बरोबर लिहिलंय.

रांगेत सात माणसं. आतून डॉक्टर हाका मारतायत.
प्रिंटरने कागद गिळलेला.
तो काढायला म्हणून मी उठले.
परत आले तर काउंटरपुढे मोतालिब नाही,
मुत्तालेबही नाही.
टेबलावर माझा चष्मा तेवढा.

पाहत राहिले त्याच्याकडे जरा वेळ.
मग फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. बंद.
साइटवर फोन जमा करून घेत असतील.
मग दुपारी, डबा खाता खाता,
विमा कंपनीला पत्र लिहिलं.
शब्द शोधावे लागले नाहीत, तोंडपाठच होते:
सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती हयात आहे.
हे शेवटचं माझ्या पदरचं.
हयात असल्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.
तोंडल्याच्या भाजीत मीठ नव्हतं.
पत्र पाठवलं. पोचपावती आली,
आपली विनंती प्रक्रियेत आहे.

बशीरचं ऐकायचं तर,
नाही म्हटलेलं नाही.

संध्याकाळी घरी आले. मसूर भिजत घातलीच नव्हती.
टँकर येऊन गेला होता.
भावाचा मेसेज दुपारचाच होता, आत्ता पाहिला:
"साहेब आले होते.
चष्मा घेऊन गेले."